आईसमोरचा पाट

“तुला म्हनून सांगते हां. दुसऱ्या कोनाला नाय सांगायची.”

आईचा आवाज स्वयंपाकघरातून आला तेव्हा मी मागच्या पडवीत सँडलचे पट्टे सोडत होते. कॉलेजातला शेवटचा तास झाला नव्हता, म्हणून रोजच्यापेक्षा लवकर आले होते. आत कोणी पाहुणं असेल तर पुढच्या दाराने गुपचूप खोलीत जावं, असा विचार करत मी तिथेच थांबले. पाहुण्यांसमोर उभं राहून ‘कितवीला आहेस’ला उत्तर देणं मला त्या वयात परीक्षेपेक्षा अवघड वाटे. पण उंबऱ्याशी दुसऱ्या कुणाच्या चपला नव्हत्या. विळीवर बोंबलांची डोकी उडत होती, मधूनच परातीत पाणी ओतल्याचा आवाज येत होता, आणि आई बोलत होती. “गुडघ्यानं परत धरलंय. आन यांच्या बहिनीचं तर तुला म्हाईतच हाय. काल म्हनते कशी, आग्नेस, कालवनात मीठ टाकलंस का समुंदरच ओतलास? मी काय बोलले नाय. बोलायला पायजे व्हतं का, तूच सांग.” मग ती गप्प झाली, समोरच्याचं ऐकून घेत असल्यासारखी, आणि एकदम हसली. “व्हय, तू तर तेच सांगनार. दुसरा गाल. तुजं काय जातंय, तुला ननंद नव्हती.”

मी दाराच्या फटीतून पाहिलं. आई एकटीच होती. गुडघा लांब करून विळीवर बसलेली, हात मनगटापर्यंत माशांच्या पाण्यात. तिच्यासमोर, हातभर अंतरावर, एक पाट मांडलेला होता. नुसता ठेवलेला नव्हे, मांडलेला. पुसून, भिंतीपासून थोडा पुढे ओढून, बसणाऱ्याला पाठ टेकता येईल असा. त्यावर कोणी नव्हतं. भिंतीवर चर्चचं कॅलेंडर होतं, त्यावर येशूचं चित्रही होतं, पण आई तिकडे बघत नव्हती. ती त्या पाटाकडे, साधारण माणसाच्या तोंडाच्या उंचीवर बघून बोलत होती.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आई वेडी झाली की काय, अशी भीती मला क्षणभर वाटली असणार. पण आठवतं ते वेगळंच आठवतं. ती हसली होती. एवढं मोकळं, गालात हवा भरून फुटणारं हसू मी आमच्या घरात कधी ऐकलं नव्हतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.  हा हेवा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. कुणाचा, हे मात्र स्वतःशी म्हणायलाही मला बरेच दिवस लागले.

आमचं घर राजोडीच्या अलीकडच्या आळीत. केळीच्या आणि भाजीच्या वाड्या, प्रत्येक घरामागे विहीर, दुपारी वारा फिरला की सुरूच्या झाडांतून समुद्राचा आवाज. आई मात्र पाचूबंदरची, कोळ्याची मुलगी. आम्हीही ख्रिस्ती, तेही ख्रिस्ती, पण वाडीतल्या लोकांना बंदरावरच्या लोकांचं बोलणं, हसणं, मोठ्याने हाका मारणं हे सगळं जरा जास्तच खारट वाटे. आई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या ‘पानी’वर आणि ‘मला’ऐवजी ‘मना’ म्हणण्यावर आळीतल्या बायका हसल्या म्हणे. हसण्यात पुढे होती पपांची मोठी बहीण, आमच्या शेजारच्याच घरात राहणारी रीटाआत्या. (आत्याची बोलीही काही पुस्तकातली नव्हती, वाडीतल्या लोकांची आपली वेगळीच बोली. ती कागदावर उतरवणं मला जमत नाही, म्हणून इथे तिचं बोलणं साध्या मराठीत लिहिते आहे. चुकीची उतरवली असती तर ती माझ्यावर रागावलीच असती.) आईने त्यावर एकच उपाय केला. ती बोलायचीच कमी. पपांना ‘व्हय’, आत्याला ‘बरं’, आणि आम्हाला ‘जेवला का’.

त्यात पपांनी मला आणि साव्हियोला, माझ्या धाकट्या भावाला, कॉन्व्हेंटमध्ये घातलं. पपा आळीतले शिकलेले गृहस्थ. रविवारी मिस्साच्या, म्हणजे मुख्य उपासनेच्या वेळी चर्चमध्ये बायबलमधलं पहिलं वाचन करायचे, पांढरा शर्ट, चष्मा नाकावर. घरी इंग्रजी बोला, असा त्यांचा नियम होता. आम्ही आईला ‘मम्मी’ म्हणायचो तेही त्यांच्यामुळेच. शाळेतून आल्यावर मी आईशी बोलायचे ते शाळेतल्या मराठीत, तुटक, निम्मं इंग्रजी घालून. ती ऐकायची आणि चुकून आपल्या बोलीत काही बोलली तर माझ्याकडे बघून ते पुसल्यासारखं परत नीट म्हणायची. मुलीसमोर शब्द तपासून बोलणारी आई. मला वाटायचं, तिला बोलायला आवडतच नाही.

आणि आता ती या पाटाशी बोलत होती. त्या दिवसानंतर मी लपून ऐकायला लागले. दुपारची वेळ, पपा कामावर, साव्हियो शाळेत. मी खोलीत पुस्तक उघडून बसायचे आणि कान स्वयंपाकघरात. समोर येशू बसला आहे असं धरून ती त्याला सगळं सांगायची. बोंबील किती बारीक आले, मामाची होडी परत दुरुस्तीला लागली, विहिरीच्या पंपातून कसला आवाज येतो. त्याला रागवायचीही. “तू कोल्यांच्यात राहिलास, तुजा तो चेला पेत्रू आमच्यातलाच, मग म्हावरं कवा लागत नाय ते तुला कलायला पायजे.” एकदा ती लहानपणीची गोष्ट सांगत होती, वाळूत सुकट पसरताना बहिणीला सापडलेल्या शंखाची. तिला एक बहीण होती आणि ती लहानपणीच गेली, हे मला त्या दिवशी कळलं. मी एकोणीस वर्षं तिची मुलगी होते. त्याला बसायला पाट मिळून सहा महिनेही झाले नसतील.

माझा स्वतःचा देव वेगळा होता, म्हणजे तो मला शाळेतून मिळाला होता. इंग्रजी प्रार्थना पाठ, चर्चमधल्या मराठी प्रार्थना पाठ, कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, कधी छातीवर मूठ मारायची हेही पाठ. चर्च मला आवडायचं. तिथे माझ्यासारखीला बोलावं लागत नाही. सगळे जे म्हणतात तेच म्हणायचं, सगळ्यांच्या आवाजात आपला आवाज लपतो. धुपाचा वास, ओळीने लावलेले बाक, घंटेच्या आधीची शांतता यांत मला सुरक्षित वाटे. पण त्या सगळ्यात मला कधी कोणी उत्तर दिलं नव्हतं. मी पापनिवेदन नियमाने करायचे, नऊ दिवसांची नोव्हेना चुकवायचे नाही, उपवासकाळात मासे-मटण शिवायचे नाही. आणि येशू येऊन बसला होता तो बोंबलाच्या पाण्याजवळ, आईसमोर. ‘मी एवढं सगळं करते, आणि तू तिच्याकडे जातोस’, असं मला त्याला म्हणायचं होतं. तिलाही तेच म्हणायचं होतं.

एका दुपारी मी सरळ आत गेले आणि त्या पाटावर बसले. तिचं वाक्य अर्धवट तुटलं. माझ्याकडे, मग पाटाकडे पाहून तिने हात पदराला पुसले. मी वाट पाहिली. आता ती मला सांगेल, गुडघ्याचं, आत्याचं, कसलंही. पंप बंद झाला, कावळा ओरडला.

“अभ्यास झाला?” आई म्हणाली. एकेक अक्षर नीट उच्चारून.

“झाला,” मी म्हणाले आणि उठले. मी दाराबाहेर गेल्यावर पाट पुसल्याचा आवाज आला.

हे सगळं सुरू कुठून झालं ते नंतर कळलं. मामा दवाखान्यात होता तेव्हा तिथल्या शीला नावाच्या नर्सने त्याच्या खाटेशी उभं राहून प्रार्थना केली होती, पुस्तकाशिवाय, आपल्याच शब्दांत. आईने असं कधी ऐकलं नव्हतं. शीलाच्या घरी, जूचंद्रला, शनिवारी दुपारी पंधरा-वीस माणसं जमायची. आई ‘मामाकडे जाते’ सांगून तिकडे जायची. मी मागे लागले तेव्हा एकदा तिने मला बरोबर नेलं. नेताना तिचा चेहरा असा होता, की जणू कुणाशी तरी माझी ओळख करून द्यायची आहे.

नव्या बिल्डिंगचा दुसरा मजला, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक गिटार, खिडकीतून मिठागरांचा पांढरा उजेड. ना वेदी, ना मूर्ती, ना फादर. काही लोक आमच्यासारखेच चर्चमध्ये वाढलेले, काही चर्च सोडून आलेले. टाळ्या वाजवत गाणी झाली. माझे तळवे एकमेकांना लागतच नव्हते. मग एकेक जण उभं राहून बोलायला लागला, आणि आई उभी राहिली. माझी आई, जी आळीच्या जेवणावळीत भात हवा तर हात पुढे करायची पण शब्द काढायची नाही, ती हात वर करून, डोळे मिटून, पाचूबंदरच्या बोलीत बोलत राहिली. मामाच्या होडीसाठी. पपांच्या रक्तदाबासाठी. साव्हियोच्या दहावीसाठी. रीटाआत्याच्या डोळ्यांसाठीसुद्धा. शेजारची बाई रडत होती. मी एकेक नाव मोजत होते. माझं आलं नाही.

नंतर चहाच्या वेळी शीला आईच्या हातातली मरियेची जपमाळ बघून म्हणाली, “आग्नेस, आता याची गरज नाही गं. थेट त्याच्याशी बोलतेस ना? मधे मरिया कशाला?”

“मधी नाय,” आई म्हणाली. “बाजूला. तो घरी येतो तर त्याच्या आयला काय भायेर उभी ठेवू?”

शीला हसली, पण ते तिला पटलं नसावं. आज मला वाटतं, आई तिथेही पुरती त्यांची नव्हती. तिला जे हवं ते ती दोन्हीकडून वाडीतल्या भाजीसारखं खुडून आणत होती. पण परतताना एसटीच्या खिडकीशी बसून मी एवढाच विचार करत होते, की वीस परक्या माणसांसमोर तिने आत्याच्या मोतीबिंदूची आठवण ठेवली आणि माझी नाही. तिने विचारलं, “कसं वाटलं?” मी म्हणाले, “ओके.”

पुढच्या आठवड्यात मी ते केलं. लिहायला बसल्यापासून या जागेशी येऊन थांबते आहे, उठून चहा करते आहे. त्या दिवसांत मी शनिवारी सकाळी चर्चच्या ऑफिसात बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदींची यादी करायला जायचे. आमचे फादर तसे मृदू माणूस. लाजऱ्या मुलीशी इंग्रजीत बोललं की ती जरा मोकळी होते हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी सहज विचारलं, तुझी मम्मी हल्ली शनिवारच्या संध्याकाळच्या मिस्साला दिसत नाही, बरी आहे ना? ‘बरी आहे’ एवढं पुरलं असतं. ‘मामाकडे जाते’ म्हटलं असतं तरी चाललं असतं, ते तर घरी ठरलेलंच होतं. मी पेन खाली ठेवलं. “ती जूचंद्रला जाते फादर,” मी म्हणाले, “एका प्रार्थनाग्रुपला. आपल्या चर्चचा नाही तो.” मला कुणी खोदून विचारलं नव्हतं. मी चुकून बोलले नव्हते. बोलताना मला माझा आवाज स्पष्ट ऐकू आला, आणि तो मला आवडला.

फादर काही दुष्टपणाने वागले नाहीत, हेही लिहायला हवं. रविवारच्या उपदेशात त्यांनी कळप सोडून परक्या कुरणात जाणाऱ्या मेंढरांविषयी सांगितलं, नाव न घेता. पण आमच्या आळीत नाव न घेता सांगितलेलंच आधी पोचतं. मग ते स्वतः घरी आले. आईने चहा आणि सुकेळी, वाडीतली वाळवलेली केळी, पुढे ठेवली. पपा खुर्चीच्या कडेवर बसले होते, पहिलं वाचन विसरल्यासारखे.

“आग्नेसबाई, आपल्या चर्चमध्ये काय कमी आहे?” फादरनी विचारलं.

“कमी काय नाय फादर,” आई खाली बघून म्हणाली. “तिथं तुमी बोलता, आमी आमेन म्हनतो. मना पन कदी कदी बोलायचं असतं.”

फादरनी सुकेळीची बशी थोडी बाजूला सरकवली. “मग घरी बोला,” ते म्हणाले, वाईट अर्थाने नाही.

“घरी बोलते की,” आई म्हणाली. मी दारामागे होते.

फादर तेवढ्यावर गेले. आळी तेवढ्यावर राहणार नव्हती. मे महिना तोंडावर होता. मे म्हणजे आमच्याकडे मरियेचा महिना. आळीच्या तोंडाशी पांढरा क्रूस आहे, त्याला चुना लागतो, पताका लागतात, आणि महिनाभर रोज दिवेलागणीला तिथे माळ म्हटली जाते. प्रत्येक घराची एक पाळी. ज्याची पाळी त्याने फुलं आणायची, शेवटी खोबरं घातलेले उकडलेले चणे वाटायचे, आणि माळेतली पाच रहस्यं घरातल्या पाच जणांनी सांगायची. रहस्य सांगायचं म्हणजे पुस्तकातली दोन वाक्यं वाचायची, मग या दहा नमो मरिया कशासाठी तो हेतू आपल्या तोंडाने सगळ्यांसमोर म्हणायचा, आणि मग सगळ्यांनी मिळून माळ पुढे न्यायची. आमची पाळी नेहमी सोमवारी, म्हणजे आनंदाची रहस्यं. पहिलं पपांचं, दुसरं आत्याचं (तिची पाळी आमच्यातच धरायचे), तिसरं साव्हियोचं, चौथं माझं. पाचवं आईचं. वर्षभरात आई चारचौघांत बोलायची ती एवढीच.

पाचवं रहस्य म्हणजे बारा वर्षांचा येशू हरवतो ते. आईबाप तीन दिवस शोधतात आणि तो मंदिरात पंडितांशी बोलत बसलेला सापडतो. आईला ते फार आवडायचं. “तीन दिस आयला न सांगता रायला,” ती चणे निवडताना म्हणायची. “देव आसल, पन मी आसते तर दोन ठेवून दिल्या आसत्या.”

त्या वर्षी पाळीच्या आठ दिवस आधी रीटाआत्या पडवीत आली. बसली नाही. “आळीतल्या मोठ्यांचं म्हणणं आहे,” ती पपांना म्हणाली, “यंदा आग्नेसनं रहस्य सांगू नये. तिकडचं काहीबाही बोलली तर? पाचवं डोरीन सांगेल. शिकलेली आहे.” तिने माझ्याकडे बोट केलं.

“मी बोलतो त्यांच्याशी,” असं पपा म्हणतील असं मला वाटलं. ते म्हणाले, “बघू.” बघू म्हणजे काय हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आई जूचंद्रला जायची थांबली. तेवढंच नाही. दुपारी स्वयंपाकघरातून विळीचा आवाज यायचा, परातीचा यायचा, बाकी काही नाही. मी आत जाऊन पाहिलं. पाट भिंतीला उभा करून ठेवला होता. मला हवं होतं तेच झालं होतं. आता ती त्याच्याशी बोलत नव्हती. माझ्याशीही बोलत नव्हती. ती नुसती कामं करत होती, आणि घरात एवढी शांतता होती की मसाल्यासाठी वाळत घातलेल्या मिरच्या उन्हात तडकल्या तरी ऐकू यायचं.

आईने मनात धरलं होतं, की फादरना आत्याने सांगितलं. एकदा आत्याने तिला जूचंद्रच्या रिक्षातून उतरताना पाहिलं होतं, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. आत्याकडे रोज वाटीभर कालवण जायचं ते बंद झालं. आठवड्याने आत्या कुंपणाशी येऊन मला म्हणाली, “काय गं डोरीन, तुझ्या आईचा समुद्र आटला का? मीठ जास्त म्हटलं म्हणून एवढं? मी म्हणते ते, पण खाते की नाही सगळं?” तिचे डोळे त्या मोतीबिंदूने दुधाळ झाले होते आणि ती खरोखर गोंधळलेली दिसत होती. आईचा आपल्यावर संशय आहे हे तिला माहीतच नव्हतं. मी म्हणाले, “विचारते.” आणि विचारलं नाही.

पाळीच्या आदल्या दुपारी आई चणे निवडत होती. मी समोर जमिनीवर बसले. पाट घेतला नाही. काही वेळ मीही चणे निवडले, मग माझ्या तोंडून निघालं, “जूचंद्रला तू सगळ्यांची नावं घेतलीस. माझं नाही घेतलंस.”

ती थांबली. पहिल्यांदाच तिने शब्द तपासले नाहीत. “तुजं तिथं कशाला घेऊ?” ती म्हणाली. “होडी, बीपी, धावी, हे सगल्यांना सांगन्यासारकं. तुजं मी त्याला घरी सांगायची. रोज. पयलं तुजंच. माजी पोर कोनाशी बोलत नाय, मनात काय हाय कलत नाय, मना तिच्या भाषेत इचारता येत नाय, तू तरी इचार. आसं.” तिने एक खडा चिमटीत पकडून बाजूला टाकला. “आता नाय सांगत. भिंतींना कान हायेत इथं. रीटाबाय ऐकते नि बाजारात इकते. माज्या घरात मी त्याला बसवला, तेपन कोनाला बगवलं नाय.”

मी मान खाली घालून चणे निवडत राहिले. आता सांग, आता सांग, असं मी स्वतःला म्हणत होते, इंग्रजीत. ताटात खडे संपले तरी मी शोधत होते. आई उठून चणे भिजत घालायला गेली.

या वयात लोक मला विचारतात, तू अजून चर्चला जातेस का. जाते. मागच्या बाकावर बसते. मोठ्याने, आपल्या शब्दांत प्रार्थना करणं मला अजूनही जमत नाही, आणि ज्यांना जमतं त्यांचा हेवा पुरता गेलेला नाही. पण त्या सोमवारनंतर एवढं मला कळलं, की पाठ केलेल्या प्रार्थनेतसुद्धा एक फट ठेवलेली असते, बोटभर, तुमचा हेतू म्हणण्यापुरती. ती कुणी ठेवली मला माहीत नाही. मी एकोणीस वर्षं ती ‘जगाच्या शांतीसाठी’ म्हणून बुजवत आले होते.

सोमवारी क्रुसाला मोगऱ्याचे हार घातले, मेणबत्त्या लागल्या. आळी चटयांवर बसली, म्हातारी माणसं बाकांवर. फादरही आले होते. एखाद्या पाळीला ते यायचे तसे. आई सगळ्यांच्या मागे, चण्यांच्या टोपाजवळ उभी होती, झाकणावर हात ठेवून. पपांनी पहिलं रहस्य सांगितलं, खर्जातल्या आवाजात. आत्याने दुसरं, आपल्या गेलेल्या नवऱ्याच्या आत्म्यासाठी. परत बसताना तिने मागे वळून आईकडे पाहिलं आणि आईने तोंड फिरवलं. साव्हियोने दहावीच्या निकालासाठी तिसरं घाईघाईत उरकलं, पोरं हसली. चौथं मी सांगितलं. जगाच्या शांतीसाठी. दहा नमो मरिया झाल्या, मी उभीच राहिले, कारण पाचवंही माझंच होतं.

पुस्तक हातात होतं. मी वाचलं: येशू मंदिरात सापडतो. त्याची आई त्याला म्हणते, बाळा, तू आमच्याशी असा का वागलास? पुढे हेतू. सगळे माझ्या ‘आजारी लोकांसाठी’ची वाट बघत होते. मेणबत्तीची वात वाऱ्याने आडवी झाली, परत उभी राहिली.  आत्याचा दुधाळ डोळा माझ्याकडे होता, आणि सगळ्यांच्या मागे आई, टोपाच्या झाकणावर हात. मी पुस्तक मिटलं.

“पाचवं रहस्य माझी आय सांगेल,” मी म्हणाले. “ती जूचंद्रला जाते हे फादरना मी सांगितलं होतं, रीटाआत्याने नाही. ती येशूशी बोलायची आणि माझ्याशी बोलायची नाही, म्हणून सांगितलं.”